बोलायला गेलं की बाळ तोंड फिरवतं: काय समजायचं आणि काय करायचं?

वडगावकरीण

मुलगी ९ आठवड्यांची आहे. जन्म ३५ आठवडे पूर्ण झाल्यावर, वजन १,९०० ग्रॅम. कावीळ होती आणि दूध ओढता येत नव्हतं म्हणून ८ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आता वजन ३,४०० ग्रॅम आहे, अंगावर पिते, शी-शू व्यवस्थित. प्रश्न दुधाचा नाही, तिच्याशी बोलण्याचा आहे.

मांडीवर घेऊन बोलायला लागलं की चार-पाच सेकंद बघते आणि मान फिरवते. आपण त्या बाजूला गेलो की दुसरीकडे वळते. असं दोन-तीनदा झालं की उचकी लागते किंवा शिंका येतात. ट्यूबलाइटकडे आणि खिडकीकडे मात्र टक लावून बघते. ओळखीचं हसू अजून नाही. सोसायटीतलं याच वयाचं बाळ छान हसतं. संध्याकाळी ७ ते १० रडारड असते.

आई म्हणते, सतत बोलत राहा, नाहीतर मूल मुकं राहील. सासूबाई म्हणतात, सारखं उचलू नका, हाताची सवय लागेल. सासर अक्कलकोटचं, त्यामुळे नवरा आणि सासूबाई तिच्याशी कन्नडमध्ये बोलतात, मी आणि आई मराठीत. त्याने गोंधळ होईल का? किती अंतरावरून, किती वेळ, कसं बोलायचं हे कोणी नेमकं सांगेल का?

नवजात_परिचर्या

आधी वयाचा हिशेब करू. पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं धरतात. तुमची मुलगी ५ आठवडे आधी आली, म्हणजे विकासाच्या दृष्टीने तिचं वय ९ वजा ५, म्हणजे ४ आठवडे. नजर धरणं, हसणं, हुंकार देणं, मान धरणं हे सगळं या सुधारित वयाने मोजायचं, आणि ते साधारण दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. माणसाकडे बघून येणारं हसू बहुतेक बाळांत ६ ते ८ आठवड्यांत दिसतं, म्हणजे तुमच्या कॅलेंडरवर ते ११ ते १३ आठवड्यांच्या आसपास येतं. त्यामुळे सोसायटीतल्या बाळाशी तुलना सोडून द्या. झोपेत ओठ वाकडे करून हसते ते वेगळं, त्यात समोरच्या माणसाचा संबंध नसतो.

ट्यूबलाइटचं कारण डोळ्यांच्या वाढीत आहे. या वयात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, आणि जिथे उजेड-अंधाराची ठळक कड असते तिथे नजर जाते. एकदा गेली की ती सोडवून घेणं त्याला जमत नाही. महिन्याभराच्या बाळाची नजर चेहऱ्यावरसुद्धा जास्त करून कडेला, कपाळावरच्या केसांच्या रेषेवर किंवा चष्म्याच्या फ्रेमवर असते. डोळे आणि ओठ नीट न्याहाळायला ते दुसऱ्या महिन्यात लागतं. म्हणून "माझ्या डोळ्यांत बघत नाही" याची काळजी सुधारित ४ आठवड्यांना करू नका. बसण्याची जागा मात्र बदला. खिडकी तुमच्या पाठीशी असली तर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि कड तेवढी चमकते. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, आणि तिच्या नजरेच्या टप्प्यातली ट्यूब बंद करा.

आता मान फिरवणं. हा नकार नाही. तिला एवढ्यात पुरे झालं, जरा थांबा, असं ती सांगते आहे. एवढ्या लहान बाळाकडे स्वतःला सावरायचे मार्ग मोजकेच असतात: नजर वळवणं, हात तोंडाकडे नेणं, काहीतरी घट्ट धरणं, पाय कशाला तरी टेकवणं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा थकवा शरीरातूनही दिसतो, हे हायडेलिस आल्स यांनी १९८२ मध्ये नीट मांडलं. उचकी, शिंका, जांभया, कपाळाला आठी, बोटं ताठ फाकणं, पाठ मागे टाकणं, कातडीवर चट्ट्यापट्ट्यांसारखा रंग उमटणं, ही ती चिन्हं. दूध प्यायल्यावर लागलेली उचकी यात धरू नका. बोलता बोलता, नजर वळवल्यानंतर लागली तर ती याच मालिकेतली. तुमच्याकडे क्रम स्पष्ट दिसतो: तिने नजर वळवली, तुम्ही त्या बाजूला गेलात, तिने पुन्हा वळवली, तुम्ही पुन्हा गेलात, मग उचकी. पहिल्या वळणावरच थांबलात तर बहुतेक वेळा उचकीपर्यंत गोष्ट जाणारच नाही.

बोलायची वेळ निवडणं हे अर्धं काम आहे. झोप आणि जाग यांच्या सहा अवस्था मानतात: गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जागेपण, चुळबुळीचं जागेपण आणि रडणं. संवाद फक्त चौथ्या अवस्थेत नीट होतो. डोळे उघडे आणि चकचकीत, श्वास एकसारखा, हातपाय जवळजवळ स्थिर, अशी ती वेळ ओळखा. दूध पिऊन ढेकर काढल्यावर किंवा अंघोळीनंतरच्या झोपेतून उठल्यावर ती सापडते. मुदतपूर्व बाळात ती एका वेळी काही मिनिटांचीच असते. पेंगत असताना गाल टोचून जागं करायचं, किंवा चुळबुळ सुरू झाल्यावर खुळखुळा वाजवायचा, यात ती वेळ वाया जाते.

करायचं असं. पाठ टेकून बसा, गुडघे वर घ्या, बाळाला मांड्यांच्या उतारावर निजवा म्हणजे डोकं गुडघ्यांकडे आणि पाय तुमच्या पोटाला टेकलेले राहतील. दोन्ही हात तिच्या छातीवर मध्यभागी आणून तुमच्या तळव्याने हलके धरा, किंवा खांद्याखालून दुपटं सैल गुंडाळा. कमरेखाली पाय हलायला मोकळे हवेत. चेहरा २० ते २५ सेंटिमीटरवर ठेवा. आधी काहीच बोलू नका. तिची नजर आली की हळू आवाजात एक वाक्य बोला आणि थांबा. नजर वळली तर तुम्ही जागचे हलू नका, आवाज बंद, चेहरा मऊ, हात तिथेच. दहा-वीस सेकंदांत ती बहुधा परत येते. आली की पुन्हा एकच वाक्य. दोन-तीनदा वळूनही परत आली नाही तर सत्र संपलं, खांद्यावर घ्या.

एका वेळी एकच गोष्ट, हे मुदतपूर्व बाळांसाठी विशेष महत्त्वाचं. बोलत असाल तर झुलवू नका. थोपटत असाल तर चेहऱ्यासमोर चेहरा नको. घरात चौघंजण एकदम वाकून टाळ्या वाजवतात तेव्हा तिला आवाज, चेहरे, स्पर्श आणि हालचाल सगळं एकदम झेलावं लागतं.

वाचा_श्रवण

वरच्या प्रतिसादाला जोडून फक्त बोलण्याबद्दल लिहिते.

"सतत बोलत राहा" यातला हेतू अगदी बरोबर आहे, "सतत" हा शब्द तेवढा काढायला हवा. मेरी कॅथरीन बेटसन यांनी दीड ते साडेतीन महिन्यांच्या बाळाचं आणि आईचं चित्रीकरण तपासून १९७५ मध्ये दाखवलं की दोघं पाळीपाळीने आवाज काढतात. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं. एडिंबरामध्ये कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनीही हेच बारकाईने अभ्यासलं. म्हणजे शब्द यायच्या कितीतरी आधी संभाषणाचा सांगाडा तयार होत असतो, आणि तो तयार व्हायला मधली शांतता लागते. अखंड बडबडीत बाळाची पाळीच येत नाही.

म्हणून वाक्य छोटं ठेवा आणि मग मनात पाचपर्यंत मोजा. एवढं थांबणं मोठ्यांना फार वाटतं, पण बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आणि उत्तर म्हणजे आवाजच असं नाही. तोंड गोल करणं, भुवया उचलणं, जीभ ओठांपर्यंत येणं, पाय झाडणं, श्वास जरा भरभर होणं, हे सगळं उत्तर धरा आणि लगेच, दोन सेकंदांच्या आत, त्याला दाद द्या. "होऽऽ का? मग काय झालं?" एवढं पुरे. दाद उशिरा आली तर आपल्या करण्याचा आणि तुमच्या बोलण्याचा संबंध या वयाच्या बाळाला जोडता येत नाही.

आवाज कसा? आपल्याकडच्या आज्या बाळाशी ज्या सुरात बोलतात तोच: जरा वरच्या पट्टीतला, संथ, स्वर लांबवलेला, तेच तेच शब्द पुन्हा. "कोण आलंऽऽ? कोण आलं गंऽ? आजी आलीऽऽ." अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की ४ महिन्यांची बाळं मोठ्यांसाठीच्या सपाट बोलण्यापेक्षा असलं बोलणं ऐकायला जास्त वळतात. "बोबडं बोलू नका" हा सल्ला हल्ली खूप फिरतो. शब्द मोडून बोलायची गरज नाही हे खरं, पण सूर आणि लांबवलेले स्वर काढून टाकू नका. तुमच्या मुलीसाठी पट्टी थोडी खाली आणि आवाज हळू ठेवा, कारण वरचा आवाज तिला अजून पेलत नाही.

विषय समोर चाललेल्या कामाचाच घ्या. लंगोट बदलताना, "ओलं झालं वाटतं... काढू या का?" म्हणून थांबा, पाय हलला की "हो, काढू या." रोज त्याच कामाला तेच शब्द, त्याच क्रमाने. काही आठवड्यांत ती पुढचं ओळखू लागते, आणि तुमच्या "काढू या का" नंतर आधीच पाय उचलते. दिवसातून लंगोट, अंघोळ, दूध धरून अशा कितीतरी संधी येतात. वेगळी "बोलायची वेळ" काढण्यापेक्षा त्या वापरा.

आईचा आवाज तिला नवा नाही. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा आईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. म्हणजे कान पोटात असतानाच तयार झालेले असतात. त्याच कारणाने कन्नड-मराठीची काळजी करू नका. गरोदरपणात घरात दोन्ही भाषा असतील तर ती दोन्हींची लय ऐकतच आली आहे. ज्याला जी भाषा सहज येते त्याने तीच बोलावी. अवघडून, परक्या भाषेत बोललं की सूर जातो, आणि या वयात सूरच तर पोचतो.

टीव्ही मात्र बंद करा. संध्याकाळी मालिका, कुकर, मिक्सर आणि खालच्या रस्त्याचे हॉर्न यांत तुमचं वाक्य वेगळं काढणं तिला जमत नाही. रस्त्याच्या बाजूची खोली सोडून आतल्या खोलीत बसा.

ओपीडी_क्रमांक_२

संध्याकाळच्या रडण्यावर आणि हाताच्या सवयीवर.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं जन्मानंतर वाढत जातं, ६ आठवड्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त होतं (त्या नोंदींत मधल्या बाळाचं दिवसाचं रडणं पावणेतीन तास होतं), आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. तिन्हीसांजेला ते जास्त असतं हेही त्यात दिसतं. मुदतपूर्व बाळांत हा कळस सुधारित ६ आठवड्यांना येतो. म्हणजे तुमच्याकडे तो अजून यायचा आहे, ११ व्या आठवड्याच्या आसपास. हे आधीच सांगतो, कारण त्या आठवड्यात घरात "दूध पुरत नाही" असं ठरतं आणि वरचं दूध सुरू होतं. वजन चांगलं वाढत असेल आणि शू भरपूर असेल तर दूध पुरतंय.

सवयीचं म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत बाळाला "लाडावून ठेवणं" शक्य नाही. रडून मोठ्यांना कामाला लावायचं, असा बेत आखण्याएवढा मेंदू तयार नसतो. माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये केलेल्या चाचणीत एका गटाच्या आईवडिलांना, बाळ रडत नसतानाही, रोज निदान ३ तास जास्तीचं कडेवर घ्यायला सांगितलं. ६ आठवड्यांच्या वयाला त्या गटातली बाळं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. हेही सांगायला हवं की पोटशूळ म्हणून आधीच खूप रडणाऱ्या बाळांवर नंतर हेच करून पाहिलं तेव्हा असा फायदा दिसला नाही. म्हणून रडायला लागल्यावर धावण्यापेक्षा दिवसभर, शांत असतानाच, अंगाशी घ्या. सासूबाईंना सांगायचं तर असं सांगा: आत्ता घेतलं तर संध्याकाळी कमी घ्यावं लागेल. त्यांचा अनुभव मोठा आहे, आणि घरात कामाला हात कमी असतील तर त्यांची भीती खोटीही नसते. तेव्हा उचलायच्या पाळ्या वाटून घ्या म्हणजे भार एकीवर पडणार नाही.

रडताना चेहऱ्यासमोर चेहरा आणून बोलू नका, त्या अवस्थेत ते तिला पोचत नाही. भूक, लंगोट, उकाडा बघा, खोलीतला दिवा मंद करा, छातीशी घट्ट धरा आणि एकाच चालीने ५ मिनिटं चाला. झोप लागली की लगेच खाली ठेवू नका. ५ ते ८ मिनिटं तशीच धरून बसा आणि मग पाठीवर निजवा. हा क्रम जपानमधल्या २०२२ च्या अभ्यासातला आहे आणि घरोघरी करता येतो.

दृष्ट काढायची तर काढा, पण मिरच्या-मोहरीचा धूर बाळाच्या खोलीत नको. धुरी-शेगडीही नको. जायफळ उगाळून देऊ नका, त्याने येणारी गुंगी धोक्याची असते. मध एक वर्षापर्यंत नाही. ग्राइप वॉटर आणि बाळगुटीही नाही. आणि कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो. सहन होत नसेल तर पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा, पाच-दहा मिनिटं बाहेर बसा. काखेत ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध सोडणं किंवा रडण्याचा आवाज एकदम किनरा होणं यांपैकी काही असेल तर वाट न बघता, त्याच रात्री, दवाखान्यात न्या.

वडगावकरीण

फार उपयोगी. वयाचा हिशेब कोणीच सांगितला नव्हता. अजून तीन गोष्टी. एका रीलमध्ये दाखवतात की नवजात बाळासमोर जीभ काढली की तेही काढतं. हिने एकदाही काढली नाही. मालिशवाल्या मावशी रोज सकाळी येतात, जोरजोरात गातात आणि हातपाय चांगलेच ताणतात. तेव्हाही ती मान फिरवते. आणि दूध पाजताना माझ्या हातात फोन असतो, ते फार वाईट आहे का?

वाचा_श्रवण

जिभेचं सोडून द्या. अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि कीथ मूर यांनी १९७७ मध्ये ते मांडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात १०६ बाळांना १, ३, ६ आणि ९ आठवड्यांना तपासलं. बाळं समोरच्याची नक्कल करतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण परीक्षा म्हणून ते घरी वापरण्यात अर्थ नाही. या वयात नक्कल तुम्ही करायची. तिने तोंड गोल केलं, तुम्ही गोल करा. तिने "अंऽ" केलं, तुम्ही "अंऽ" म्हणा. आपण काही केलं की समोरचा बदलतो, हे तिला यातून कळतं.

नवजात_परिचर्या

मालिश हा संवादच आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. हायडी केलर यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी आया आणि जर्मनीतल्या शहरी आया यांची तुलना केली. जर्मन आया समोर धरून, चेहऱ्याकडे बघून बोलण्यावर भर देत होत्या. न्सो आया अंगाशी धरून, हलवून, लयीत आवाज काढून बाळाशी बोलत होत्या. बाळं दोन्हीकडे नीट वाढतात. तेव्हा घरातलं कोणी फारसं न बोलता तासभर मांडीवर घेऊन थोपटत असेल, तर ते कमी लेखू नका.

मावशींशी मात्र बोला, मान राखून पण स्पष्ट. पाजल्यानंतर पाऊण तास तरी मध्ये हवा. खोली उबदार, पंखा बंद, तेल तळहातावर चोळून कोमट केलेलं; खोबरेल चालेल. पाय पसरून नडग्यांवर बाळ ठेवतात तेव्हा चेहरा बराच लांब जातो, म्हणून या बाळाला गादीवर किंवा मांडीवर घेऊन वाकून करावं. सुरुवात पोटऱ्यांपासून, पूर्ण तळव्याने, संथ. बोटांच्या टोकांनी हलकं हलकं केलेलं मुदतपूर्व बाळाला गुदगुल्यांसारखं बोचतं, आणि जोराचं दुखतं. मधला, स्थिर दाब हवा. सांधे ताणणं, उलटं धरणं, नाक ओढणं, स्तन पिळणं, कानात-नाकात-बेंबीत तेल सोडणं, हे नको. गाणं असू द्या, फक्त हळू, आणि मान फिरवली की हात जागेवर थांबवून गाणंही थांबवायचं. पाच ते दहा मिनिटं पुरेत. मावशींना हे एकदा चिन्हं दाखवून समजावलं तर त्या पटकन शिकतात. रोज इतकी बाळं हाताळणाऱ्या हातांना बाळाचं ताठरणं आपल्या आधी कळतं.

बाबांसाठी एक काम. शर्ट काढून बाळाला नुसत्या लंगोटावर छातीवर उभं धरायचं, वरून पंचा किंवा शाल, मान एका बाजूला, नाक मोकळं दिसेल असं. बोगोटामध्ये १९७८ पासून चालू झालेल्या कांगारू पद्धतीचंच हे घरगुती रूप. बाबांनी झोपून जायचं नाही, एवढीच अट. छातीवर असताना कन्नडमध्ये हळू बोललं तर तिला आवाज कानाने आणि छातीच्या कंपनानेही पोचतो.

आणि बारसं राहिलं असेल तर माणसं थोडी बोलवा. हातोहात फिरवणं, पापे घेणं टाळा. एका माणसाच्या मांडीवर राहू द्या, बाकीच्यांनी तिथे येऊन बघावं. येत्या गणपतीतही ढोल-ताशांच्या सरावाजवळ किंवा मिरवणुकीत नेऊ नका.

मनोमित्र

फोनच्या प्रश्नावर, कारण यातून आयांना विनाकारण अपराधी वाटवलं जातं.

एडवर्ड ट्रॉनिक यांचा स्थिर चेहऱ्याचा प्रयोग सगळीकडे फिरतो. त्यात आई आधी नेहमीसारखी खेळते, मग साधारण दोन मिनिटं बाळाकडे बघत राहते पण चेहरा हलू देत नाही, उत्तर देत नाही, आणि मग पुन्हा नेहमीसारखी होते. बाळ आधी तिला बोलतं करायचा प्रयत्न करतं, हसतं, आवाज काढतं. जमलं नाही की नजर वळवतं, कोसळतं. हा परिणाम दोन-तीन महिन्यांनंतरच्या बाळांत ठळक दिसतो. पण त्याच ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण कोणी सांगत नाही: चांगल्या चालणाऱ्या जोड्यांतही आई आणि बाळ एका सुरात असतात ते जेमतेम ३० टक्के वेळ. बाकी वेळ चुकामूक असते, आणि ती पुन्हा जुळवून घेतली जाते. त्या जुळवण्यातून बाळ शिकतं. तेव्हा दर क्षणी तिच्याकडे बघायचं ओझं घेऊ नका.

पाजताना नेमकं एवढं करा. बाळ चोखतं, मग थांबतं, पुन्हा चोखतं. चोखत असताना ते कामात असतं. तेव्हा तुम्ही फोन बघितला किंवा डोळे मिटले तरी चालेल. थांबल्यावर ते कित्येकदा वर बघतं. त्या विरामात फोन खाली असावा. रात्रीच्या पाजण्यात तर बोलूच नका, दिवा मंद आणि चेहरा शांत, म्हणजे रात्र झोपायची असते हे हळूहळू बसतं. बाळाला स्वतःला मात्र स्क्रीन दाखवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन शून्य आहे. व्हिडिओ बाळाच्या "अंऽ" ला उत्तर देत नाही.

आणि ताई, तुमच्याबद्दल. बाळंतपणानंतरचं नैराश्य असेल तर चेहरा आणि आवाज आपोआप सपाट होतात. ठरवून हसता येत नाही. आधीच एनआयसीयू झालेलं, झोप मोडलेली. मागच्या ७ दिवसांत बहुतेक दिवस रडू येत असेल, बाळाजवळ असूनही काही वाटत नसेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, स्वतःला दोष देणं थांबत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून एडिंबरा प्रश्नावली भरून घ्या. १० प्रश्नांची आहे, पाच मिनिटं लागतात. जीव नकोसा वाटणं किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. उपचार घेताना अंगावर पाजता येतं, अशी औषधं आहेत.

ओपीडी_क्रमांक_२

मान फिरवणं सामान्य आहे हे सगळ्यांनी सांगितलं आणि ते बरोबर आहे, पण दोन तपासण्या झाल्या की नाही हे डिस्चार्ज कार्डावर आजच बघा.

एक, डोळ्यांचा पडदा. आपल्याकडे जन्मवजन २,००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्म असेल तर आरओपीची (लवकर जन्मलेल्या बाळांत पडद्याच्या रक्तवाहिन्या नीट न वाढण्याच्या आजाराची) तपासणी करायची असते, पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत. ३५ आठवडे म्हणून काहीजण सोडून देतात. तुमचं बाळ १,९०० ग्रॅमचं, म्हणजे वजनाने यात बसतं. झाली नसेल तर याच आठवड्यात पडद्याच्या तज्ज्ञाकडे न्या, "बघू पुढच्या लसीला" म्हणू नका.

दोन, कान. काविळीची आणि पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूची नोंद असेल तर नुसती ओएई (कानात आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) पुरेशी नाही. ओएई आतल्या कानापर्यंतचं सांगते, पुढच्या नसेचं नाही. म्हणून बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी चाचणी) हवी. ठरलेला क्रम असा आहे की पहिली चाळणी १ महिन्यात, निदान ३ महिन्यांत, गरज असेल तर मदत ६ महिन्यांच्या आत सुरू. बेरा बाळ झोपलेलं असताना होते. अंघोळ घालून, भुकेजलेलं घेऊन जा, तिथे पाजा आणि झोपवा. मग झोपेचं औषध देण्याची वेळ सहसा येत नाही.

पुढे काय बघायचं, तेही सुधारित वयाने. ८ आठवड्यांपर्यंत शांत जागेपणी चेहऱ्यावर नजर थोडी तरी स्थिरावायला हवी आणि मोठ्या आवाजाला दचकणं किंवा थबकणं दिसायला हवं. ३ महिन्यांपर्यंत हसू आणि हलणाऱ्या चेहऱ्यामागे नजर फिरणं हवं. ही येत नसतील, किंवा नजर सतत थरथरत असेल, बाहुली पांढुरकी दिसत असेल, हातापायांपैकी एकच बाजू हलत असेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल, तर वाट न बघता दाखवा. आलेलं हसू किंवा हुंकार नाहीसे झाले तरी लगेच दाखवा. घरी येणाऱ्या आशाताईंनाही सांगून ठेवा, कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा त्यांच्या कामात येतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढच्या तपासण्या मोफत होतात.

ओपीडीत बाळ एकतर झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं, त्यामुळे डॉक्टरांना ते बघतं कसं हे कळत नाही. घरी शांत जागेपणी दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या: कॅमेरा तुमच्या खांद्यावरून, उजेड समोरून, बाळाचा चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत, आणि तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे एक वाक्य बोलून थांबता आहात. आवाज चालू ठेवा. सोबत डिस्चार्ज कार्ड, वजनाच्या नोंदी आणि लसीकरण कार्ड न्या.